शागीर्दाच्या हाती माइक
(‘एशियन डब फाउंडेशन’ या वाद्यवृंदाच्या पहिल्या पर्वाविषयी)

आठवीच्या वर्गावर ऑफ तास घ्यायला गेले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा बाकावर थाप देत होता आणि त्याच्या शेजारचा त्या थापेवर भराभर काहीतरी म्हणत होता. शाळेमागची तुंबलेली गटार, रेशनची रांग, बापाची हातगाडी, असे काय काय त्यात होते. भाषा घरातली दखनी, मधूनच मराठी. मी दोघांना उभे केले, वही जप्त केली. संध्याकाळी घरी ती वही उघडली आणि ओशाळले. त्याच आठवड्यात मी वर्गाला रदीफ-काफिया शिकवला होता. सहामाहीत ‘काफिया म्हणजे काय?’ या प्रश्नाला या मुलाने कोरी जागा सोडली होती आणि मी त्याला शून्य दिले होते. वहीत मात्र पान-पानभर काफिया होता, आणि तो चुकलेला नव्हता.

कुर्ल्याच्या नेझीने २०१४ साली ‘आफत’ हे गाणे काढल्यापासून आणि २०१९ मध्ये ‘गली बॉय’ येऊन गेल्यापासून आपल्या मोहल्ल्यांतील मुलांना रॅप नवे राहिलेले नाही. नवे आहे ते आपल्याला, म्हणजे शिकवणाऱ्यांना आणि लिहिणाऱ्यांना. ती वही हाती असताना मला लंडनच्या एका वाद्यवृंदाची आठवण झाली. त्याची गाणी बी.एड.च्या वर्षी एका मैत्रिणीने दिलेल्या सीडीवर मी पहिल्यांदा ऐकली होती. ‘एशियन डब फाउंडेशन’ हे त्याचे नाव. या वाद्यवृंदावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या राजकारणावर, त्याच्या वंशवादविरोधावर, त्याच्या नाचायला लावणाऱ्या ठेक्यावर. पण त्याच्या जन्माची जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, तिच्याकडे समीक्षकांनी केवळ माहिती म्हणून पाहिले आहे. ती गोष्ट अशी की हा वाद्यवृंद एका वर्गात जन्मला. शिक्षक, त्याचा मदतनीस आणि एक विद्यार्थी असे तिघे जण त्याचे संस्थापक होते. माझे म्हणणे असे की त्याच्या सुरुवातीच्या गाण्यांचे बळही या वर्गातून आले आणि त्यांच्या उणिवाही हा वर्ग जिथे विसरला गेला तिथेच दिसतात.

१९९३ चे पूर्व लंडन

आधी तो काळ पाहू. पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागात सिल्हेटहून आलेल्या बंगाली मुसलमानांची मोठी वस्ती आहे. ब्रिक लेनवरील मशिदीची इमारतच या भागाचा इतिहास सांगते. फ्रान्समधून पळून आलेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांनी १७४३ मध्ये ती चर्च म्हणून बांधली, पुढे ती यहुद्यांचे प्रार्थनागृह झाली आणि १९७६ पासून मशीद. जो समाज शेवटी आला त्याने आधीच्यांनी सोडलेली घरे घेतली, आधीच्यांचे शिवणकाम घेतले आणि आधीच्यांच्या वाट्याला आलेला मारही घेतला. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली हा तरुण कापड-कामगार कामावरून परतताना मारला गेला. त्याच्या जनाज्यामागे हजारो बंगाली चालत गेले. आज तिथल्या एका बागेला त्याचे नाव आहे.

पंधरा वर्षांनंतर पुन्हा तेच. एप्रिल १९९३ मध्ये दक्षिण-पूर्व लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णी विद्यार्थ्याचा खून झाला. सप्टेंबरमध्ये पूर्व लंडनमध्ये सतरा वर्षांच्या एका बांगलादेशी विद्यार्थ्याला टोळक्याने मरणाच्या दारापर्यंत नेले. तो ज्या रुग्णालयात होता, त्याच्या बाहेर जमलेल्या तरुणांपैकी नऊ जणांना पोलिसांनी पकडले. ‘टॉवर हॅम्लेट्सचे नऊ’ असे त्यांचे नाव पडले. त्याच महिन्यात मिलवॉलच्या पोटनिवडणुकीत ब्रिटिश नॅशनल पार्टी या उघड वंशवादी पक्षाचा उमेदवार नगरपरिषदेवर निवडून आला. मार खाणारे तुरुंगात आणि द्वेष करणारे सभागृहात, हे चित्र आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. ६ डिसेंबर १९९२ आणि त्यानंतरची मुंबई आपण पाहिलेली आहे.

तासाला बसलेला वाद्यवृंद

लंडनच्या फॅरिंग्डन भागात ‘कम्युनिटी म्युझिक’ नावाची संस्था होती. जॉन स्टीव्हन्स या जॅझ ड्रमवादकाचा तिच्या स्थापनेत मोठा वाटा होता. ज्यांना कोणी संगीत शिकवत नाही त्यांना शिकवायचे, आणि शिकवण्याची सुरुवात ऐकण्यापासून करायची, असा या संस्थेचा बाणा होता. १९९३ मध्ये तिथे आशियाई मुलांसाठी संगीत-तंत्राच्या कार्यशाळा झाल्या. बास गिटार वाजवणारे अनिरुद्ध दास हे तिथले शिक्षक. समाजकार्यात असलेले जॉन पंडित त्यांच्या मदतीला. शिकणाऱ्यांमध्ये दीदार झमान नावाचा शाळकरी वयाचा एक बांगलादेशी मुलगा होता. तिघांनी मिळून आधी साउंड सिस्टीम उभी केली, म्हणजे स्वतःचे स्पीकर, स्वतःच्या तबकड्या आणि एक माइक. वंशवादविरोधी सभांमध्ये ते वाजवू लागले. त्यातून वाद्यवृंद झाला. दासचे ‘डॉक्टर दास’ झाले, पंडितचे ‘पंडित जी’ आणि दीदारचे ‘मास्टर डी’. वर्गातील विद्यार्थ्याला ‘मास्टर’ हे नाव मिळावे, हा योगायोगही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

नावातील ‘डब’ या शब्दाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. डब हा जमैकाचा प्रकार. किंग टबीसारखे कारागीर तयार गाणे घेत, त्यातील गायकाचा आवाज काढून टाकत, खालचा बास आणि ताल तेवढा ठेवत आणि त्याला प्रतिध्वनीची खोली देत. मग त्या मोकळ्या जागेत दुसराच कोणी माइक हाती घेऊन आपले बोलणे बोलत असे. म्हणजे डबचे तंत्रच मुळी जागा करून देण्याचे तंत्र आहे. बी.एड.ला आम्हांला विद्यार्थी-केंद्रित अध्यापनावर वीस गुणांचा प्रश्न असे. शिक्षकाने किती बोलावे आणि कुठे गप्प बसावे, याचे उत्तर त्या पाठ्यपुस्तकापेक्षा मला या बासच्या वाजवण्यात अधिक स्पष्ट सापडले. दास खाली जमीन धरून ठेवतात आणि वर मुलगा बोलतो. शिक्षक गाण्यात आहे, पण गाणे शिक्षकाचे नाही.

१९९४ मध्ये गिटारवादक स्टीव्ह चंद्र सावले आले. ते गिटारच्या सर्व तारा एकाच स्वरात लावत आणि कधी कधी त्या सुरीने वाजवत. त्यामुळे गिटारमधून तंबोऱ्या-सतारीसारखा अखंड गुंजारव निघतो. पुढच्या वर्षी मिश्रणाच्या यंत्रांवर संजय टेलर, म्हणजे ‘सन-जे’, आले. जंगल या नावाचा जो अतिजलद, तुटक ड्रमचा नाच त्या वर्षांत लंडनच्या तरुणांत गाजत होता, तो या सर्वांच्या खाली धावत होता. ऐकणाऱ्याला प्रथम जाणवतो तो हा वेग. दीदारची जीभ त्या वेगाशी शर्यत लावते आणि हरत नाही.

‘कॉन्शस’ ते ‘फॅक्ट्स अँड फिक्शन्स’

पहिली तबकडी ‘कॉन्शस’ १९९४ ची. ती काढली ‘नेशन रेकॉर्ड्स’ने. ही छोटी स्वतंत्र कंपनी १९८८ मध्ये अकी नवाज आणि कॅथ कॅनोविल यांनी सुरू केली होती. ब्रॅडफर्डच्या पाकिस्तानी घरातील अकी नवाज यांचा ‘फन-दा-मेंटल’ हा स्वतःचा वाद्यवृंदही याच कंपनीचा. एकाच घरातील या दोन वाद्यवृंदांची तुलना आपल्या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘फन-दा-मेंटल’ने मुसलमान असणे पुढे केले. ज्या शब्दाने हिणवले जाते तोच नाव म्हणून मिरवायचा, ही त्यांची रीत. ‘एशियन डब फाउंडेशन’च्या सुरुवातीच्या गाण्यांत धर्माची ओळख पुढे येत नाही. बंगाली मुसलमान मुलगा, बंगाली हिंदू नावाचा शिक्षक आणि इतर, अशी ही मंडळी ‘एशियन’ या एका शब्दाखाली उभी राहतात. कोणी याला मुसलमानपण लपवणे म्हणेल. मला तसे वाटत नाही. रस्त्यावर मारणारा नाव विचारून मारत नव्हता, कातडी पाहून मारत होता. तेव्हा उत्तरही त्याच पातळीवर देणे प्रामाणिक होते. मात्र मारणारा नाव विचारून मारू लागला की ही एक छत्री पुरत नाही, हेही मान्य करावे लागेल. दोन्ही वाटा एकाच छोट्या कंपनीत शेजारी-शेजारी नांदल्या. आपल्याकडच्या साहित्य-चळवळींनी एवढे तरी शिकावे.

१९९५ मध्ये ‘फॅक्ट्स अँड फिक्शन्स’ हा पहिला पूर्ण अल्बम आला. त्यातील ‘टीएच-नाइन’ हे गाणे त्या पकडलेल्या नऊ तरुणांविषयी आहे. वर्तमानपत्राने जे चार ओळींत संपवले ते गाण्याने वस्तीच्या स्मरणात ठेवले. आपल्याकडे हे काम शाहिराचे. अमर शेखांच्या डफावर मुंबईच्या गिरण्यांतील कामगार जे ऐकत होते, ते त्यांच्याच कालच्या दिवसाचे असे. दीदारचे रॅप त्याच जातीचे आहे.

पण या अल्बमचे शिखर ‘रिबेल वॉरियर’ हे गाणे होय. ते काजी नजरुल इस्लाम यांच्या ‘विद्रोही’ या कवितेवर उभे आहे. नजरुलनी ती कविता डिसेंबर १९२१ मध्ये कलकत्त्यात लिहिली आणि जानेवारी १९२२ मध्ये ती ‘बिजली’ या साप्ताहिकात छापली गेली. कवी होता बाविशीचा, पलटणीतून नुकताच परतलेला. ‘मी’, ‘मी’ म्हणत ती कविता धावते आणि त्या एका ‘मी’मध्ये हिंदू पुराणांतील देवही येतात आणि इस्लामी परंपरेतील प्रतिमाही. बंगालीत अरबी-फारसी शब्द त्यांनी बेधडक आणले. त्यामुळे दोन्हीकडचे कर्मठ त्यांच्यावर चिडले. मुल्लांना ते काफिर वाटले आणि सनातन्यांना ते यवनच राहिले. आपल्या वाचकाला ही कहाणी परकी वाटणार नाही. उर्दूत शिकलेला, मराठीत लिहिणारा, दोन्ही दारांत नावाची विचारणा होणारा लेखक आपल्यातही आहे. ‘विद्रोही’ हा शब्द तर १९९९ च्या धारावीच्या संमेलनापासून मराठी साहित्यात घरचाच झाला आहे.

आता या गाण्याने नजरुलचे काय केले ते पाहू. सिल्हेटी घरांमध्ये नजरुल असतो तो भिंतीवरच्या तसबिरीत, जयंतीच्या कार्यक्रमात, वडिलांच्या हळव्या गुणगुणण्यात. बांगलादेशाने त्यांना राष्ट्रकवीचा मान दिला. १९७६ मध्ये ढाक्यात त्यांचे निधन झाले. असा मानाचा कवी मुलांसाठी बहुधा मेलेला असतो. ‘रिबेल वॉरियर’ त्याचे भाषांतर करत बसत नाही, त्याचा ‘मी’ उचलते. सत्तर वर्षांपूर्वीचा तो ‘मी’ पूर्व लंडनच्या फुटपाथवर उभ्या असलेल्या मुलाच्या तोंडी दिला जातो. इंग्रजी त्याची, उच्चार अर्धे लंडनच्या कामगारवस्तीचे आणि अर्धे जमैकाचे, ताण मात्र नजरुलचा. वारसा कसा घ्यावा याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. वारसा म्हणजे जपून ठेवायची वस्तू नव्हे, ती वापरून झिजवायची असते.

फ्रान्सचा वळसा आणि ‘रफीज रिव्हेंज’

ब्रिटनने या अल्बमकडे जवळजवळ पाठ फिरवली. १९९५ म्हणजे ब्रिटपॉपचा भर. ब्लर आणि ओएसिस यांच्या स्पर्धेची चर्चा बातम्यांत होती आणि गिटारवर ब्रिटनचा झेंडा रंगवण्याची फॅशन होती. त्या झेंड्यात हा आवाज बसत नव्हता. वाद्यवृंद युरोपात फिरला आणि १९९७ मध्ये ‘रफी’ हा पुढचा अल्बम आधी फ्रान्समध्ये निघाला. तिथल्या उपनगरांतील अरब आणि आफ्रिकी वंशाच्या मुलांनाही अशाच पोलिसांशी गाठ होती. २००१ मध्ये याच वाद्यवृंदाने ‘ला हेन’ या त्या उपनगरांवरच्या फ्रेंच चित्रपटाला लंडनच्या सभागृहात प्रत्यक्ष वाजवून साथ दिली, त्यामागे ही जुनी नाळ दिसते. घरात मान मिळेना म्हणून शेजारच्या गावात मिळवला, मग घरच्यांनी बोलावले. १९९८ मध्ये तोच ऐवज बराचसा नव्याने घडवून ‘रफीज रिव्हेंज’ नावाने ब्रिटनमध्ये मोठ्या कंपनीमार्फत आला आणि मर्क्युरी पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोचला.

या अल्बममधील ‘असॅसिन’ हे गाणे उधमसिंगांवर आहे. १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये मायकेल ओड्वायर यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या या माणसाने पोलिसांना आपले नाव राम मोहम्मद सिंग आझाद असे सांगितले होते. ‘फ्री सत्पाल राम’ हे गाणे तर सरळ मोहीमच होती. सत्पाल रामवर १९८६ मध्ये बर्मिंगहॅमच्या उपाहारगृहात गोऱ्या गिऱ्हाइकांनी हल्ला केला. झटापटीत त्याच्या हातून एक जण मारला गेला आणि त्याला जन्मठेप झाली. गाणे वाजत राहिले, मोहीम वाढत राहिली, २००२ मध्ये तो सुटला. गाण्याने तो सुटला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण कोर्टाच्या कागदात गाडलेले नाव नाचणाऱ्या हजारो मुलांच्या तोंडी गेले, हे गाण्याचेच काम.

इथवर प्रशंसा केली. आता उणे सांगते, कारण ते न सांगणे म्हणजे या मंडळींना पाहुणे समजणे होईल.

‘नक्षलाइट’ हे याच अल्बममधील गाजलेले गाणे. ठेका जबरदस्त, घोष त्याहून जबरदस्त. पण ‘टीएच-नाइन’च्या शेजारी ते ठेवून ऐकावे. तिथे गल्ली आहे, रुग्णालय आहे, नऊ माणसे आहेत. इथे दूरच्या देशातील बंडाचा लाल रंग तेवढा आहे. नक्षलबारीच्या १९६७ च्या शेतकऱ्याचे घर कसे होते, त्याची बायको काय म्हणत होती, दोन बंदुकांमधला आदिवासी कुठे पळाला, यांपैकी काहीही नाही. गडचिरोली ज्या राज्यात आहे त्या राज्यात राहून हे गाणे ऐकताना नाचणारे पाय थबकतात. वर्गातील मुलगा आपल्या डोळ्यांनी पाहिलेले बोलतो तेव्हा गाणे खरे असते. तोच मुलगा शिक्षकाच्या कपाटातील पुस्तकातून बोलू लागतो तेव्हा घोषणा तयार होते. आपल्या मुस्लिम मराठी कवितेतही हा रोग आहे. फिलिस्तीनवर आपण दहा कविता लिहितो आणि आपल्याच मोहल्ल्यातील बिडी वळणाऱ्या बाईवर एकही नाही.

बाईचा विषय निघालाच आहे, तर दुसरे उणे. या पहिल्या पर्वात रंगमंचावर सर्व पुरुष आहेत. टॉवर हॅम्लेट्सच्या घराघरांत शिलाई यंत्रावर कपडे शिवणाऱ्या आया आणि शाळेतून परस्पर घरी पाठवल्या जाणाऱ्या बहिणी या गाण्यांत ऐकू येत नाहीत. २००३ च्या ‘वन थाउजंड मिरर्स’मध्ये त्यांनी अत्याचारी पुरुषाच्या खुनाबद्दल तुरुंगात गेलेल्या पाकिस्तानी वंशाच्या एका स्त्रीची बाजू घेतली. ते मोलाचे आहे. पण तिच्यासाठी आवाज दिला तो शिनेड ओ’कॉनर या आयरिश गायिकेने. ओ’कॉनर उत्कटपणे गायल्या याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच, की मुलाला माइक देणारा वर्ग १९९३ मध्ये भरला, मग मुलीसाठी तसाच वर्ग का भरला नाही? मी हे लंडनला विचारते आहे, पण माझ्या वर्गातही तालुक्याच्या काव्यवाचन स्पर्धेला मी दरवर्षी मुलालाच पाठवत आले, हे लिहून टाकलेले बरे.

वर्ग पुढे चालू

१९९८ मध्ये यश आले तेव्हा या मंडळींनी ‘एडीएफ-एज्युकेशन’ ही शिकवण्याची शाखा काढली. २००० मध्ये आलेल्या अल्बमला त्यांनी ‘कम्युनिटी म्युझिक’ हे आपल्या पहिल्या वर्गाचेच नाव दिले. त्याच वर्षी दीदार बाहेर पडला. विद्यार्थ्याने शाळा सोडली, याचे मला दुःख नाही. विद्यार्थ्याने जावे म्हणूनच शाळा असते. त्याच्या जागी दुसरे आवाज आले, वाद्यवृंद थांबला नाही. २०२० मध्ये त्यांनी विनोदकार स्टुअर्ट ली यांच्यासोबत केलेले ‘कमिंग ओव्हर हिअर’ हे स्थलांतरितांच्या द्वेषाची टर उडवणारे गाणे, ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडत असतानाच, तिथल्या विक्रीच्या एका यादीत वर चढले. पण मी पुन्हापुन्हा ऐकते ती पहिली पाच वर्षेच. त्यांत शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील अंतर अजून मिटलेले नाही, आणि त्या अंतरातच गाणे घडते आहे.

आपण साहित्यसंमेलने भरवतो, ठराव करतो, नव्या पिढीला मराठीत लिहिते करण्याच्या योजना आखतो. ती पिढी लिहिते आहे. ती आपल्या छंदात लिहीत नाही आणि आपल्या भाषेच्या वह्यांमध्ये लिहीत नाही, एवढेच. दखनी, उर्दू आणि मराठी यांच्या मधल्या पट्टीत ती बोलते. त्या पट्टीला व्याकरण नाही म्हणून आपण तिला शून्य देतो. नजरुलच्या बंगालीलाही त्याच्या काळी कोणी शुद्ध म्हणत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला वही परत केली. ओरडले नाही, शाबासकीही दिली नाही, कारण माझी शाबासकी त्याला आणखी एक गृहपाठ वाटली असती. एवढेच म्हटले, शनिवारी शेवटच्या तासाला मी मागच्या बाकावर बसेन, तू पुढे ये. त्याने माझ्याकडे संशयाने पाहिले आणि विचारले, “आपा, इसमें आपके ऊपर भी है. वो भी पढूं क्या?”

मी हो म्हटले आहे. सहामाहीचा शून्य मात्र गुणपत्रकात तसाच आहे.